विश्रांतीचा आकडा

डब्यात डोकं घालून तो उताणा पडला होता आणि हलायचं नाही अशी सक्त ताकीद होती. बोलायचं नाही, हसायचं नाही, झोपायचं तर मुळीच नाही. डबा म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा घुमट. आत सोडलेल्या श्वासावरून माणूस नुसता पडल्या पडल्या किती कॅलरी जाळतो, ते शेजारचं यंत्र सांगतं. आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं हे. यंत्र दुसऱ्या कॉलेजातून उसनं आणलेलं, दुपारी परत द्यायचं. आकडा थोडा वेळ एका जागी ठरला की लिहून घ्यायचा आणि डबा काढायचा. नाही ठरला, तर ठरेपर्यंत माणूस आत.

वर्गात तो एकटाच मुलगा, त्यामुळे आत कोणी पडायचं यावर चर्चा झालीच नव्हती. आधी एकदा तो शिंकला. मग कोणीतरी त्याच्या मोज्याच्या भोकातून गुदगुल्या केल्या. आता मात्र वर्गाची मॉनिटर वाकून म्हणाली होती, "हललास तर सगळ्यांचे मार्क गेले. बघून घेईन तुला."

आकडा ठरत आला होता. तेवढ्यात दार उघडून त्याचे बाबा आले.

बाबांची जिम होती. ते कुठेही शिरले की आधी खांदे यायचे, मग बाकीचे बाबा. बरणीत काय मुरत घातलंय पोराला, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमकडे वळले.

मॅडम थोड्याच वेळात हॉस्पिटलला फोन करून इंटर्नशिपचं नाव कळवणार होत्या. लहान मुलांच्या वॉर्डात एकच जागा होती आणि ती त्याला मिळाली होती. सगळा वर्ग वॉर्ड बघायला गेला तेव्हा कोणाहीपुढे तोंड न उघडणाऱ्या एका चिमुरडीने त्याच्या हातून दोन चमचे खाल्ले होते, वर उद्या येशील ना असंही विचारलं होतं. ते त्याने घरी जाऊन कौतुकाने सांगितलं. म्हणून तर बाबा आले होते.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. जिममध्ये टेबल-खुर्ची मांडून झालीय, बाहेर पाटी रंगवून झालीय, प्रोटीन पावडरचे डबे छतापर्यंत गेलेत. इंटर्नशिप तिथेच होईल. पोरांना भरवायला कॉलेज कशाला लागतं, ते काम त्याची आजी फुकटात करायची.

मॅडम म्हणाल्या, त्याची इच्छा तरी विचारू. बाबा म्हणाले, विचारा की, समोरच तर पडलाय.

दोघंही डब्याकडे बघायला लागले. मॉनिटरने ओठांवर बोट ठेवलं. त्याने डोळे वटारले, इतके की भुवया केसांत शिरायच्याच बाकी राहिल्या.

"बघा," बाबा म्हणाले, "काही म्हणणं नाही त्याचं."

यंत्रावरचा आकडा चढायला लागला.

पोरी गोळा झाल्या. एकीने नळी तपासली, एकीने थायरॉइडची शंका काढली. इतका निपचित पडलेला माणूस इतकं जाळतोय, हे मॅडमनीही कधी पाहिलं नव्हतं. बाबांची छाती फुगली. आपलंच रक्त आहे, हा आकडा पाटीवर घालू, म्हणाले. आकडा आणखी चढला.

डबा भिरकावून उठावं असं त्याला वाटलं. पण पायाशी गेल्या वर्षी याच विषयात नापास झालेली पोरगी उभी होती, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून.

यंत्र बघायला मॅडम खुर्चीतून उठल्या आणि कमरेला हात लावून तिथेच थांबल्या. कंबर धरलेला माणूस बाबांना बघवत नसे. त्यांनी मॅडमची पाठ भिंतीला टेकवली, गुडघे वाकवायला लावले आणि खुर्चीशिवाय खुर्चीत बसवलं. मॅडमच्या मांड्या थरथरायला लागल्या, पण कमरेला खरंच बरं वाटलं. त्यांनी तशाच बसून फोन मागितला.

तेव्हा त्याने हात वर केला. ताठ, शाळेत करतात तसा.

"नाक खाजत असेल," कोणीतरी म्हणालं.

मॉनिटरने डब्याच्या कडेखालून हात घातला आणि नाक खाजवलं. शेंडा, मग दोन्ही बाजू, अगदी मनापासून. तो मानेने नाही नाही म्हणायला लागला, तर तिने कपाळही खाजवलं.

"हलू देऊ नका त्याला," मॅडम भिंतीला टेकल्या टेकल्या म्हणाल्या.

दोघींनी पाय धरले. हात जोडून उभी असलेली पोरगी पुढे झाली, तिने त्याचा वर गेलेला हात हळूच खाली घेतला आणि दोन्ही तळव्यांत दाबून ठेवला.

फोन लागला. मॅडम दम खात बोलल्या, "हां, मुलांच्या वॉर्डाचं सांगायचं होतं. आमचा मुलगा नाही येत. तुम्ही दुसऱ्या कॉलेजचं बघा."

"अजून जरा खाली, मॅडम," बाबा म्हणाले. "मांडीला कळलं पाहिजे."

आत प्लास्टिकवर वाफ धरली होती. त्यापलीकडे छत धुरकट दिसत होतं. तो छताकडे बघत राहिला. पायाची धडपड थांबली, पोरीच्या तळव्यांत धरलेली मूठ उघडली. आकडा चढायचा थांबला. मग उतरायला लागला, उतरत उतरत एका जागी आला आणि तिथेच राहिला.

"लिहून घ्या गं," मॅडम कुजबुजल्या. "आता कुठे शरीर विश्रांतीला आलं."