शेवटच्या गाडीतला दोर

जुन्या गाड्यांच्या क्लबची बैठक लांबतच चालली होती आणि मास्तरांना कधी एकदा पाठ टेकतो असं झालं होतं. वार्षिक फेरीत बावीस वर्षं त्यांची गाडी शेवटी असे. कुणाची बंद पडली की दोर बांधून ओढून आणायची. सहल म्हणजे पुढच्यांचा धूर. "मास्तर, यंदा तुम्ही सगळ्यांत पुढे," अध्यक्षबाई वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या. मास्तर खुलले. समोर मोकळा रस्ता. मग भिंतीवरच्या नियमांकडे नजर गेली. पहिला नियम त्यांच्याच अक्षरात होता: संथ गाडी पुढे ठेवावी, म्हणजे सगळ्यांचं तिच्यावर लक्ष राहतं. "गाडी तर अजून ठणठणीत आहे," ते म्हणाले. गाडीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. शेजारच्या तरुण दंतवैद्याच्या पायाशी नवाकोरा दोर होता, किमतीच्या चिठ्ठीसकट. मास्तरांनी तो चाचपला. "चढावर तुटेल हा. माझाच ने."