आठवी बाई

"आठ बायका म्हणजे आठच. सात असतील तर मी सेशन सुरूच करू देणार नाही," नाझिश मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या. त्या बाहेरून आलेल्या परीक्षक होत्या आणि शिवांगीची ही तिसरी, शेवटची संधी होती.

"आठ आहेत, मॅडम."

आठवी तिची आईच होती. येणार होती शेजारची सॅब्रिना. पण आदल्या संध्याकाळी तिची शिफ्ट बदलली, आणि शिवांगी रडकुंडीला आली.

"मी येते की," पूर्णिमा भाकरी थापता थापता म्हणाली होती.

"आई, उद्या संकष्टी आहे तुझी!"

"असू दे. बाप्पा बघून घेईल."

पूर्णिमाची संकष्टी साधीसुधी नव्हती. शिवांगी झाली तेव्हापासून, अठरा वर्षं, चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. तापातसुद्धा तिने ती मोडली नव्हती.

स्पोर्ट अँड लीझरचा हा सुरुवातीचा कोर्स शिवांगीने हट्टाने घेतला होता. बाकी सगळे विषय सुटले. अडलं ते प्रथमोपचारावर. हाताला सगळं येत होतं, पण समोर बसून कुणी प्रश्न विचारला की जीभ टाळ्याला चिकटायची. दोनदा ती तशीच गप्प बसून उठली होती. मग सित्र्याच्या कारखान्यातून दमून आलेल्या बाबांनी, जयप्रकाशनी, एका वाक्यात निकाल लावला, "या वेळी नाही झालं तर खलास. पुण्याला आत्याकडे जायचं आणि बी.कॉम. करायचं."

आज आधी आठ बायकांचा व्यायाम घ्यायचा होता, मग तोंडी.

व्यायामाआधी प्रत्येकीने तब्येतीचा फॉर्म भरायचा, असा कॉलेजचा नियम. मॅगी आंटी फॉर्म भरताना कुरकुरली, "वजन पण लिहायचं? माझ्या नवऱ्याला माहीत नाही गं अजून!" सगळ्या हसल्या. शिवांगीला हसू आलं नाही. तिचं लक्ष चौथ्या प्रश्नाकडे होतं. गेल्या चार तासांत काही खाल्लं आहे का? उपाशी माणसाला व्यायामाला घ्यायचं नाही. रमजान पाळणाऱ्या या आखाती देशात तो नियम पहिल्याच दिवशी घोटून घेतला होता.

पूर्णिमाने चौथ्या प्रश्नापुढे 'हो'वर खूण केली, खाली सही केली आणि फॉर्म लेकीच्या हातात दिला.

शिवांगीने आईकडे पाहिलं. आई केसांना रबर लावत होती.

खोटं न बोलणारी बाई. फॉर्म परत केला तर सात उरत होत्या. तिने तो गठ्ठ्यात सरकवला.

"यल्ला, चला, सुरू करा," मॅडम म्हणाल्या.

पंधरा मिनिटं बरी गेली. लीनाचा गुडघा दुखत होता, तिला शिवांगीने खुर्चीवर बसवून व्यायाम दिला. मॅडम मान खाली घालून लिहीत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शिवांगीचा एक डोळा सारखा आईवर. "हळू, आई. तू बस हवं तर."

"मला काय धाड भरलीय!"

मॅडमनी लिहिणं थांबवून मान वर केली. त्याच वेळी पूर्णिमाचे हात खाली आले, ती डुलली आणि मॅटवर कोसळली.

कुणीतरी किंचाळलं. शिवांगी मात्र पोहोचली होती.

"आई? ऐकू येतंय? मॅगी आंटी, सगळ्यांना मागे घ्या. लीना आंटी, वेळ बघून ठेवा." श्वास पाहिला. ओढणी सैल केली. पाय उचलून बाकावर ठेवले. जीभ कुठेच अडली नाही. मिनिटभरात पूर्णिमाने डोळे उघडले. शिवांगीने तिला एकदम उठू दिलं नाही. आधी कुशीवर, मग हळूच बसतं केलं. पुरती सावध झाल्यावरच ज्यूस दिला, मग बिस्कीट.

आईने बिस्कीट नाकारलं नाही. निमूट खाल्लं. ते पाहून शिवांगीच्या मनात आलं, एवढी गळून गेली ही, माझ्यापायी!

मॅगीने पूर्णिमाला धरून बाहेर गाडीपाशी नेलं. बाकीच्याही पांगल्या. हॉलमध्ये मॅडम आणि शिवांगी दोघीच उरल्या.

"तोंडी घ्यायची गरज नाही," नाझिश मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच हसल्या त्या. "वीस वर्षांत इतकं नीट कुणी केलेलं पाहिलं नाही, बेटा. पास. फक्त एक लिहायचं राहिलं. फॉर्म तर ठीक आहे, खाल्लं होतं म्हणतात. मग चक्कर कशाने?"

पेन कागदावर टेकलेलं होतं. उन्हातून आल्या म्हणून असेल, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

शिवांगीला बिस्कीट खाणारी आई दिसली.

"त्यांनी खाल्लं नव्हतं, मॅडम. आज त्यांचा उपवास आहे. फॉर्म खोटा आहे. मला माहीत होतं, तरी मी त्यांना घेतलं. आठ हव्या होत्या म्हणून."

मॅडमनी 'पास' लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"काश, तू हे सेशनच्या आधी सांगितलं असतंस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता माझ्या हातात काही नाही."

शिवांगी बाहेर आली. मॅगी निघून गेली होती. पूर्णिमा गाडीत एसी लावून बसली होती. चेहरा टवटवीत, डोळ्यांत लहान मुलीसारखा खोडकरपणा. शिवांगीने दार ओढून घेतलं, तोच ती सीटवरच तिच्याकडे वळली.

"झालीस ना पास? मला ठाऊकच होतं, तोंडाने नाही तर हाताने सांगशील! बाबांना मी पडल्याचं एवढ्यात बोलू नकोस हं शिवू. अगं, फॉर्मवर खोटं कसं लिहायचं, म्हणून सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा देवाची क्षमा मागून दोन भाकऱ्या खाल्ल्या मी. पोट गच्च भरलेलं, आणि चक्कर कसली येतेय मला!"