डावी बाजू

लिबिया नावाच्या पोरीचा लाकडी कोयता वस्तादांच्या मनगटावर सपकन बसला आणि कोकोच्या झाडाखाली उभे असलेले आठही शिष्य चमकून पुढे सरकले.

एलिएसेर वस्ताद एकाहत्तर वर्षांचे. काउका प्रांतातल्या त्या ऊसपट्ट्यात कोयत्याचे डाव शिकवणारे तेवढे एकच उरले होते. त्यांनी मनगट चोळलं, टोपी काढली आणि मान झुकवली.

"आभारी आहे, पोरी."

त्यांच्या अंगणातला तो नियमच होता. मार खाणाऱ्यानं मारणाऱ्याचे आभार मानायचे.

वस्ताद पाणी प्यायला आत गेले, तसा आर्सेसियो तिच्या अंगावर धावून आला. ऊसतोडीवर जाणारा हा त्यांचा सगळ्यांत जुना शिष्य.

"लाज वाटते का? डावीकडून आलेला वार त्यांना दिसत नाही, माहीत आहे ना?"

"म्हणून उजवीकडून मारू?"

"मारूच नकोस! तीन वर्षं आम्ही कुणी त्यांना हात लावलेला नाही. त्यांनी कोयता उगारला की पडतो, आभार मानतो, घरी जातो. त्यांनी आपल्याला घडवलं. एवढा मान ठेवायला काय जातं तुझं?"

"मान कसला? भीक घालताय तुम्ही त्यांना."

"फार चढलीयेस, लिबिया."

"असेन. पण खोटं खोटं पडणं मला जमायचं नाही."

पुढच्या शनिवारी तिनं त्यांच्या खांद्यावर मारलं, मग गुडघ्यावर. दोन्ही वेळा म्हाताऱ्यानं टोपी काढली. दोन्ही वेळा आर्सेसियोनं तोंड फिरवलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी फाटक आतून बंद होतं. आठवडाभर वीटभट्टीवर राबून, दीड तास चालत ती आली होती.

"माफी माग, मग उघडतो," आतून आर्सेसियो म्हणाला.

"राहू दे बंद."

ती कुंपणावरून चढली. तारेत अडकून बाही फाटली, कोपर सोलवटलं. तशीच ती वस्तादांसमोर जाऊन उभी राहिली.

"वस्ताद, हे सगळे तुमच्यापुढे मुद्दाम हरतात. तुमची दया येते यांना. मला नाही येत. मी तुमच्याकडे लढायला शिकायला आलेय, आणि समोर तुम्ही असलात तरी लढणार. हा उद्धटपणा वाटत असेल तर तुम्ही मला हाकला. यांच्या सांगण्यावरून मी जायची नाही."

आर्सेसियोची मान खाली गेली. इतक्या वर्षांचं झाकलेलं या पोरीनं म्हाताऱ्याच्या तोंडावर उघडं केलं होतं.

वस्तादांनी हळूच कोयता उचलला. हात थोडा कापत होता.

"ये," ते म्हणाले. "काही राखून ठेवू नकोस."

तिनं राखलं नाही. दोन पावलं टाकून ती त्यांच्या डावीकडे वळली आणि सगळी ताकद लावून वार केला.

काय झालं ते तिला नीट कळलंच नाही. तिचा कोयता केळीच्या बुंध्याशी जाऊन पडला होता, ती मातीत उताणी होती आणि वस्तादांच्या लाकडी पात्याचं टोक तिच्या गळ्यावर होतं. हात जरासुद्धा कापत नव्हता. तिनं नजर खाली घेतली नाही.

"डावा डोळा ठणठणीत आहे माझा," वस्ताद म्हणाले. "हा शेवटचा डाव कुणाला शिकवायचा ते ठरत नव्हतं, म्हणून तीन वर्षं ही बाजू उघडी ठेवून उभा होतो."