वारसाची सही

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी बँकेच्या साहेबाने रंगाऱ्याला सांगितलं, की खातं गोठवलं आहे. खातेदार सुतार परवा दुपारी परांचीवरून पडला आणि जागीच गेला.

"खातेदार मयत झाला की व्यवहार थांबतात," साहेब म्हणाला. "पैसे वारसाला मिळतील. कोर्टातून. पाच-सहा महिने धरा."

"त्यातले अर्धे माझे आहेत, साहेब."

साहेबाने पडद्याकडे पाहिलं. "इथे नाव एकच आहे."

ते खरं होतं. या देशात येऊन चौथा दिवस होता, तेव्हा दोघं याच टेबलासमोर बसले होते. दोघांच्या नावाच्या खात्याला दरमहा आकार पडत होता. एकाच्या नावाचं खातं फुकट होतं, पण महिन्याला ठरावीक पगार जमा व्हायला हवा होता. एकट्याचा पगार तेवढा भरत नव्हता. दोघांचा मिळून भरत होता. खोलीचा भाडेकरार सुताराच्या नावावर होता, म्हणून खातंही त्याच्याच नावावर उघडलं. रंगाऱ्याने कंपनीच्या अर्जात त्याचाच खाते क्रमांक लिहिला. बाहेर पडताना तो खात्याच्या कागदावरचं एकच नाव पुन्हा पुन्हा पाहत होता. सुताराने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"एका ताटात जेवतो, एका पांघरुणात कुडकुडतो. खातं तेवढं सवतं? पळून जाईन असं वाटतं का रे तुला? मला इथला बसस्टॉपसुद्धा सापडत नाही."

आठ महिने एका पैचा वाद झाला नाही.

रंगाऱ्याच्या मुलीचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं. तिचा उजवा डोळा गेलाच होता. डावा वाचवायचा होता. आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत, तर ती तारीख दुसऱ्या कुणाला जाणार होती आणि पुढची तारीख डॉक्टर सांगत नव्हते. कंत्राटदाराने हात वर केले होते. खोलीतल्या सहाजणांनी खिसे झाडले होते. त्यातून डोळ्याचा एक टाकाही निघाला नसता.

रंगारी खुर्चीवरून उठेना. मागे रांग वाढत होती. शेवटी साहेबाने खणातून एक छापील कागद काढला.

"अर्धी रक्कम तुमची आहे असं वारसाने यावर सही करून कळवलं, तर तुमचा हिस्सा आज सोडता येईल. पण बाराच्या आत. बारानंतर फाईल मुख्य कचेरीत जाते. मग माझ्या हातात काही नाही."

कागद इथल्या भाषेत होता. पहिल्याच ओळीत 'मयताची पत्नी' असे शब्द होते.

मयताची पत्नी म्हणजे वहिनी. त्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. कंपनीने ते काम रंगाऱ्यावर टाकलं होतं. दोन दिवसांत त्याने चार वेळा फोन हातात घेतला होता आणि चार वेळा खाली ठेवला होता.

तो कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आधी मरण सांगितलं, तर मग सही कुठल्या तोंडाने मागायची? त्याने नंबर लावला.

"भाऊजी! बरं झालं, तुम्ही तरी सापडलात. तुमचे दोस्त कुठे उलथलेत? दोन दिवस फोन उचलत नाहीत."

रंगाऱ्याने हातातल्या छापील कागदाची घडी उलगडली.

"तो कामावर आहे," रंगारी म्हणाला. "वहिनी, एक सही हवी होती. बँकेच्या कागदावर."

"एवढंच ना? पाठवा की. मी शाळेच्या ऑफिसातच आहे, इथे प्रिंट निघते. पण मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही हं."

"कळायला नको. खाली सही करा आणि ओळखपत्रासकट फोटो पाठवा."

"दोघं मिळून माझ्या नावावर बंगला-बिंगला घेताय की काय?" वहिनी हसल्या.

"हो," रंगारी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फोटो आला. साहेबाने तो छापून घेतला. ओळखपत्रावरची सही ताडून पाहिली. मान हलवली. शिक्का उचलला आणि तसाच धरून ठेवला. सहीच्या खाली, मोकळ्या जागेत, साहेबाला न येणाऱ्या भाषेत हाताने काही लिहिलेलं होतं.

"हे काय आहे? त्यांची काही अट आहे का? वाचून दाखवा, म्हणजे शिक्का मारतो."

रंगाऱ्याने कागद जवळ ओढला. अकरा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. साहेब त्याच्या तोंडाकडे पाहत होता. कागदावर लिहिलं होतं :

'अहो, सही केली. आता तरी फोन उचला. परवा भांडले ते वरवरचं होतं.'