सूचना वही

जळगावच्या त्या विद्यापीठात कार्यक्रमांना तोटा नव्हता. आज चर्चासत्र, उद्या जयंती, परवा कुणाचं तरी व्याख्यान. प्रत्येकाची सूचना शिपाई अभिमनभाऊ वहीतून टेबलाटेबलावर फिरवायचे आणि राजदीप सर मान वर न करता सही ठोकायचे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अभिमनभाऊ जरा घुटमळले. "सर, आज तरी वाची ल्या."

"वाचलं हो भाऊ!" म्हणत सरांनी सही केली आणि वही परत सरकवली.

पाच वाजता सर निघाले, तर सभागृहात खुर्च्या मांडलेल्या आणि अभिमनभाऊ एकटेच बसलेले. टेबलावरच्या खोक्यातला पेढा तोंडात टाकत सरांनी विचारलं, "कार्यक्रम फसला वाटतं?"

"कोणीच उनं नही, सर. सही मात्र बठ्ठास्नी शे."

"सगळ्यांच्या सह्या, आणि आलं कुणीच नाही? लोकांना चाडच उरली नाही, भाऊ. बरं, खुर्च्या आवरून जा."

दुसऱ्या दिवशी वही आलीच नाही, म्हणून सरांनी कार्यालयात जाऊन स्वतःच ती उघडली.

'आपले शिपाई अभिमनभाऊ आज सेवानिवृत्त होत आहेत. दुपारी चार वाजता निरोप समारंभ. सर्वांनी यावे.'

खाली पहिलीच सही स्वतःची पाहून सरांची मान आजही वर होईना.