बद्द वाजते

टांगलेल्या नळीवर सासऱ्यांनी लाकडी हातोडीचा टोला दिला, मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं आणि निकाल सांगून टाकला. "बद्द वाजते. सोडव."

नळी होती ठासणीच्या बंदुकीची, अजून ना घोडा बसवलेला ना दस्ता. तिच्या पोटाखाली सूनबाईने कथील वितळवून लांबलचक पट्टी जोडली होती. दारू ठासायचा गज पुढे याच पट्टीच्या आधाराने राहायचा. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट धरली असेल, तर नळी घंटेसारखी वाजते. मध्ये कुठे पोकळ राहिली, तर फुटक्या मडक्यासारखी. परीक्षा एवढीच. नळी वाजली की घरच्या कारखान्यातलं खिडकीजवळचं बाक तुझं, मग नळ्यांच्या कामात तुला कुणी जाब विचारायचा नाही, असा सासऱ्यांचा शब्द होता. आणि परवा नापास, काल नापास, आज पुन्हा तेच.

बरं, नळी वाजली नव्हती म्हणावं तर तसंही नाही. चांगली खणखणीत वाजली होती. आज वाजली, काल वाजली, परवाही वाजली होती.

"अहो, छान वाजली की!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"भाजली असेल तर उतरव खाली," सासरे म्हणाले.

त्यांचे कान गेलेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक त्यांना स्वतःला सोडून. त्यांचं म्हणणं असं, की हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. मुलाने मागे एकदा विषय काढला, तेव्हा त्यालाच जरा मोकळं बोलायला शिक म्हणून ऐकावं लागलं. तेव्हापासून सगळे मूग गिळून बसले होते. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

सूनबाईने बर्नर उचलला. आता पट्टी तापवायची, सोडवायची, सगळं कथील खरवडायचं, दोन्ही अंगं घासून पुन्हा कथील चढवायचं, पट्टी तारेने करकचून बांधायची, पाचरी मारायच्या. तेही चांगलं झालेलं काम मोडून. तिला असा राग आला की बर्नर तिथेच आपटावा. पण सासरे नळीकडे बघत होते. एवढी सरळ बसवलेली पट्टी बद्द कशी वाजते, हे कोडं त्यांना खरंच सुटत नव्हतं. चेहरा पार उतरला होता. तिला त्यांची दया आली, आणि दया आल्यावर बोलणं आणखीच अवघड झालं.

तिने बर्नर खाली ठेवला. त्यांची बाही ओढून त्यांना आपल्याकडे वळवलं.

"मामंजी, तुमचे कान गेलेत."

"काय म्हणालीस?"

ऐकू आलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण तेच पुन्हा म्हणायचं धैर्य तिच्याजवळ उरलं नव्हतं. "दात मात्र शाबूत आहेत," ती घाईघाईने म्हणाली. "ही तार जरा दातात धरा."

सुनेने सासऱ्याला तार चावायला सांगावी म्हणजे कलियुगच. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण दातांचं कौतुक केलं की म्हातारबुवा विरघळायचे. या वयातही अक्रोड फोडतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नळी ज्या तारेने आढ्याला टांगली होती, ती त्यांनी कुरकुरत ओढून दातांत पकडली. सूनबाईने टोला दिला.

खणखणाट दातांतून थेट डोक्यात शिरला आणि सासऱ्यांचे डोळे विस्फारले. हाताने त्यांनी खूण केली, आणखी एक. मग आणखी एक. तार सोडायलाच तयार नाहीत. शेवटी सोडली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते.

"कालची?" त्यांनी विचारलं.

"वाजत होती."

"परवाची?"

"ती पण."

सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "कानामागून आलीस आणि तिखट झालीस गं," असं म्हणत त्यांनी खिडकीजवळच्या बाकावरच्या आपल्या कानशी आणि चष्मा उचलला आणि सगळं आतल्या बाकावर नेऊन ठेवलं. आजपासून ठोकायचं तिने, चावायचं त्यांनी, हेही ठरवून टाकलं.

मग दाराकडे एकदा बघून घेत ते तिच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, "कानांचं मात्र घरात कुणाला कळू देऊ नकोस."

ती कुजबुज ऐकून समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. स्वयंपाकघरातली भांडीही गप्प झाली.

"नाही हो कळणार कुणाला," सासूबाई आतूनच म्हणाल्या.