बाहेरून आत यायची सोय

"हा पासवर्ड तुझ्याकडे राहू दे. पाठ करू नकोस, वहीत लिही," नवरा म्हणाला.

तिने पेन उचललं नाही. ज्या डब्याला सात वर्षांत कोणी बोट लावलेलं त्याला खपत नव्हतं, त्याच्या किल्ल्या आज तो आपणहून देत होता. आज सूर्य कुठून उगवला, हे तिला कळेना.

डबा म्हणजे अडगळीच्या खोलीतल्या फळीवरचा सर्व्हर. बुटांच्या खोक्याएवढा. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड; एक हिरवा दिवा आणि बारीक घरघर. घरातला प्रत्येक फोटो, प्रत्येक कागद आपोआप त्यात उतरतो, असं तो म्हणे. ती कधी बघायला गेली नव्हती. बघायचं तर काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागत, आणि ती भाषा घरात एकट्या त्यालाच येत होती.

"आता काळी खिडकी नको. रिमोट डेस्कटॉप बसवतोय," तो म्हणाला. "तू कुठेही असलीस तरी याचा पडदा तुझ्या लॅपटॉपवर उघडेल. चित्रावर टिचकी मारायची, बस."

"मी कुठे जाणार आहे?"

"तसं नाही. ऑफिसातून वगैरे."

"आणि घरात तू असताना मला कशाला हवंय हे?"

"मी नेहमी जवळ असेनच असं कुठंय?"

हे तो सर्व्हरकडे बघत म्हणाला. मग खिशातून अंगठ्याएवढा प्लग काढून त्याने मागे खोचला. "पडदा जोडलेला नसला की हा चित्रच काढत नाही. म्हणून याला फसवायचं. हा प्लग लावला की त्याला वाटतं, समोर पडदा आहे, कोणीतरी बघतंय."

"फसवायला बरं जमतं तुला."

"यंत्रांना फसवायला जमतं," तो म्हणाला.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "एवढी सेवा त्या डब्याची केलीस, राजा. याच्या निम्मी बायकोची केली असतीस तर..."

"तर काय, आई?"

"काही नाही. चहा टाकते."

सासूबाईंनी टोमणा अर्ध्यावर सोडलेला तिने आजवर पाहिला नव्हता.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची दहा वर्षं गेली होती. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तिथे अंगवळणी पडलेलं. पण आता नमुने साठत चालले होते. गेल्या आठवड्यात गाद्यांच्या मागे तिला एक नवी कोरी बॅग सापडली. मोठी, चाकांची, लेबलसुद्धा न काढलेली. परवा ती स्वयंपाकघरात शिरली तशी मायलेकांची कुजबुज सुरी फिरवल्यासारखी थांबली. आणि आज हा पासवर्ड.

"एवढी घाई कसली आहे?" तिने विचारलं.

"एक तारखेच्या आत व्हायला हवं."

"एक तारखेला काय आहे?"

तिचा आवाज थोडा चढला. त्याने वळून पाहिलं. "काही नाही. महिना संपतो, काम संपलेलं बरं."

तिने वही ओढली आणि पासवर्ड लिहून घेतला.

तो चाललाय. याला दुसरं नाव नव्हतं. त्यांच्यात कडाक्याचं भांडण असं कधी झालंच नाही. दोघं एका घरात दोन सभ्य पाहुण्यांसारखे राहत होते, एवढंच. एकाने ताट वाढायचं, दुसऱ्याने उचलायचं. नवल म्हणजे तिला रडू आलं नाही. उलट, महिनाभर छातीवर ठेवलेलं ओझं जरा सरकलं. त्याने आधी बोलावं, इतकंच तिला हवं होतं. संसारात जो आधी तोंड उघडतो, खापर त्याच्याच माथी फुटतं.

"चल, आता बाहेरून बघू," तो म्हणाला. "जिन्यात जाऊन बस. घरातलं नेट तोड, फोनचं घे. बाहेरच्या माणसाला आत येता येतंय का, ते कळायला हवं."

ती लॅपटॉप घेऊन दोन मजले उतरली आणि पायरीवर बसली. फोन कानाशी धरून तिने पासवर्ड टाकला.

"नुसतं करडं दिसतंय."

"थांब. प्लग नीट बसला नाहीये."

वर काहीतरी खुडबुडलं. करड्या रंगातून हळूहळू निळा पडदा उगवला, त्यावर फोल्डरांच्या दोन रांगा.

"आलं," ती म्हणाली.

"आता कशाला हात लावू नकोस. मी माझ्या लॅपटॉपवरून याच पडद्यावर आलोय. मी हलवेन ते तुला दिसेल."

पडद्यावरचा बाण आपोआप सरकला, पण कुठेच गेला नाही. फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. तिला वाटलं, आता बोलेल. समोरासमोर जमत नाही, म्हणूनच याने आपल्याला दोन मजले खाली पाठवलं.

"तुला काही सांगायचंय का मला?" तिनेच विचारलं.

"मला नाही. तुला?"

"नाही."

"बरं."

बाण खाली उतरला. एक फोल्डर उघडला, त्यातला दुसरा, मग तीन आठवड्यांपूर्वी तिनेच घरी स्कॅन केलेला एक कागद. तो पडदाभर पसरला. परगावच्या प्रयोगशाळेचं नियुक्तीपत्र. पद कायमस्वरूपी. एक तारखेला रुजू. निवास: एकटीसाठी. आणि तळाशी, मान्य असल्याची तिची सही.

"स्पष्ट दिसतंय ना?" तो फोनवर म्हणाला. "तिकडे खोलीवर नेट लागेपर्यंत असंच फोनवरून उघडत जा."